नऊ नंबरचं गवताचं मशीन आणि अंगणातली बाकीची लोखंडं : प्रकल्प नोंदी

१३ एप्रिल २०२४, शनिवार

या वर्षी नोंदी लिहायच्याच असं ठरवलंय, कारण मागच्या वर्षी काय काय केलं ते कुणालाच धड आठवत नाही आणि एक बोल्ट कुठल्या डब्यात ठेवला होता यावरून दोन म्हातारी माणसं अर्धा तास भांडत बसली.

जागा म्हणजे अमेरिकेतल्या पूर्व आयोवातलं आमच्या काउंटीचं छोटंसं म्युझियम, आणि खरं तर म्युझियमपेक्षा त्याचं अंगण. रस्त्याच्या कडेला हिरवळ आहे आणि तिथे घोड्यांनी ओढायची सहा जुनी यंत्रं उघड्यावर उभी आहेत. गवत कापायचं मशीन, गवत गोळा करायचं मोठ्या चाकांचं दाताळं, मका पेरायचं दोन ओळींचं प्लँटर, बसून चालवायचं कोळपं (इकडे कल्टिव्हेटर म्हणतात), गहू-ओट कापून पेंढ्या बांधणारा बाइंडर आणि एक साधा नांगर. मी दर शनिवारी येतो. पगार शून्य, कॉफी फुकट, तीही पातळ.

आज फक्त फिरून बघितलं आणि फोटो काढले. परिस्थिती अशी की लांबून सगळं लालभडक आणि छान दिसतं. दहा-बारा वर्षांपूर्वी कुणीतरी उत्साहाने सगळ्यावर चकचकीत लाल रंग मारलाय, गंजावर, मातीवर, ग्रीसवर, तेल घालायच्या भोकांवर सुद्धा. आता त्या रंगाखाली पाणी शिरतं आणि बाहेर यायला वाट नाही, बोटाने दाबलं की पापड मोडल्यासारखा आवाज येतो. चाकं काँक्रीटमध्ये चार-चार इंच पुरलीत, चोरीला जाऊ नयेत म्हणून म्हणे. जिथे लोखंड काँक्रीटमध्ये शिरतं तिथेच कड खाल्ली गेलीय, एका जागी तर पेन्सिल आरपार गेली.

प्लँटरच्या बियांच्या डब्यात माती भरून पेटुनिया लावलेत. यावर नंतर बोलू.

२० एप्रिल, शनिवार

गवताच्या मशीनपासून सुरुवात. हे मॅकॉर्मिक-डीअरिंगचं नऊ नंबरचं, १९३९ नंतरचं मॉडेल, म्हणजे घोड्यांच्या मशीनमधलं अगदी शेंडेफळ. मॅकॉर्मिक आणि डीअरिंग हे एकमेकांचे कट्टर स्पर्धक, १९०२ मध्ये आणखी तिघांना घेऊन एकत्र आले आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनी झाली, म्हणून नावात दोघं. नऊ नंबरची खासियत म्हणजे गिअर उघडे नाहीत, बंद डब्यात तेलात बुडालेले चालतात. फार जुन्या मशीनमध्ये गिअर उघडे असायचे, धूळ आणि गवताचा भुसा जाऊन दाते खायचे.

तर तो बंद डबा. खालचा ड्रेन प्लग सुटेना, दोन आठवडे आधीपासून त्यावर ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचं तेल आणि ॲसिटोन अर्धं-अर्धं मिसळून टाकत होतो (हे मिश्रण बाजारातल्या महागड्या स्प्रेपेक्षा बरं चालतं असा माझा अनुभव, फक्त दर वेळी हलवून घ्या, एकजीव राहत नाही). आज टॉर्चने थोडं गरम केलं, हातोडीने टकटक केलं, आणि मग पाना लावल्यावर पहिल्यांदा कर्रर्र असा आवाज आला. या कामात तो आवाज आला की गडी जिंकला.

प्लग निघाला आणि आधी पाणी आलं. स्वच्छ नाही, चहाच्या रंगाचं, मोजलं तर जवळजवळ दीड लिटर, मग काही सेकंद काहीच नाही, आणि मग काळं, काकवीसारखं दाट तेल संथपणे उतरायला लागलं. सगळे गप्प उभे राहून बघत होतो. म्हणजे इतकी वर्षं पाणी तेलाच्या खाली जाऊन बसलं होतं आणि दर हिवाळ्यात, उणे वीस सेल्सिअसला, त्याचा बर्फ होत होता. पाण्याचा बर्फ झाला की ते साधारण नऊ टक्के फुगतं आणि ओतीव लोखंड ताणलं जात नाही, तडकतं. डबा तडकला नाही हे नशीब, बहुतेक वर मोकळी जागा होती म्हणून वाचला.

पाणी कुठून गेलं? वरच्या झाकणाचं गॅस्केट गेलंय, आणि तेल भरायच्या प्लगच्या जागी कुणीतरी लाकडाची खुंटी ठोकलीय. तीही लाल रंगवलेली.

२७ एप्रिल

पाऊस. शेडमध्ये बसून सुटे भाग.

गंज काढायला वीज वापरली. प्लास्टिकचं पिंप, पाणी, त्यात वॉशिंग सोडा (गॅलनला एक मोठा चमचा), बॅटरीचा १२ व्होल्टचा चार्जर. गंजका भाग निगेटिव्हला, बळी द्यायचा भंगार सळईचा तुकडा पॉझिटिव्हला. सळईच्या जागी स्टेनलेस स्टील अजिबात लावू नका, त्यातून क्रोमियमचा विषारी प्रकार पाण्यात उतरतो. आणि हायड्रोजन निघतो म्हणून दार उघडं ठेवा. स्प्रिंगा मात्र यात टाकत नाही, हायड्रोजन पोलादात शिरून त्या ठिसूळ होतात, त्यांना ब्रश आणि घामच.

रंगाबद्दल: जुन्या थरात शिसं असू शकतं. टेस्ट किटने बघितलं, खालच्या थराची काडी लाल झाली. म्हणून कोरडं घासणं बंद. ओलं करून खरवडायचं, मास्क, खाली ताडपत्री, आणि शाळेची पोरं येतात त्या दिवशी काम नाही.

४ मे

कमिटीची मीटिंग, दोन तास. पेटुनियांचा विषय निघाला. फुलं लावणाऱ्या बाई माझ्यावर अजून नाराज आहेत, पण ओली माती बारा महिने पातळ पत्र्याला चिकटून राहिली तर डब्याची चाळण होणारच, झालीच आहे. शेवटी असं ठरलं की फुलं शेजारी लाकडी कुंड्यांत जातील आणि त्या कुंड्या मी करून द्यायच्या. म्हणजे माझंच काम वाढलं.

दुसरा ठराव जास्त महत्त्वाचा. मी म्हटलं, सगळं बाहेर ठेवायचा हट्ट सोडा. ज्यात लाकूड, कॅनव्हास आणि बारीक यंत्रणा आहे ते छताखाली, ज्यात नुसतं जाड लोखंड आहे ते बाहेर राहू शकतं. म्हणजे बाइंडर आत, बाकीची पाच बाहेर. एक जण म्हणाले पण रस्त्यावरून बाइंडरच दिसतो, लोक त्यासाठीच थांबतात. बरोबर आहे. पण अजून दहा वर्षांनी थांबून बघायला काय उरेल? मतदान झालं, पाच विरुद्ध तीन. बाइंडर आत.

११ मे

काँक्रीट फोडून त्या जागी चुनखडीच्या बारीक खडीचे चौथरे करायचे होते. पहिल्या चौथऱ्याची खडी मागच्या सोमवारी टाकून झाली. आज दुसऱ्याची टाकायला गेलो तर पहिल्या खडीवर टिटवी.

म्हणजे आपली टिटवी नाही, तिची इकडची चुलत बहीण, किलडीअर. अंगाने लहान, गळ्यात दोन काळे पट्टे, पण ओरडणं तसंच जीव खाऊन, आणि जवळ गेलं की पंख मोडल्याचं नाटक करत लंगडत लांब जाते म्हणजे आपण मागे जावं. खडीत चार अंडी, ठिपक्यांची, दोन फुटांवरून सुद्धा दिसत नाहीत. १९१८ च्या पक्षी कायद्याप्रमाणे घरटं हलवायला बंदी आहे. चोवीस ते अठ्ठावीस दिवस अंडी उबवते म्हणे.

आबांना (माझे वडील, सांगली जिल्ह्यात असतात, वय ७९) रात्री व्हिडिओ कॉलवर दाखवलं. म्हणाले, "आरं तिला राहू दे की. ती पाय वर करून झोपती, आभाळ पडू नये म्हणून. तुझं चाक थांबंल चार दिस."

थांबलं. चारी बाजूंनी काठ्या रोवून लाल फीत बांधली. आता लोक यंत्रांपेक्षा टिटवी बघायला जास्त येतात.

१८ मे

टिटवीपासून लांब, मशीनची चाकं. गवताच्या मशीनला इंजिन नाही, घोडे पुढे चालतात, चाकं फिरतात, चाकांमुळे आसातून गिअर, गिअरमधून फ्लायव्हील, फ्लायव्हीलच्या क्रँकला लाकडी दांडा (पिटमन) आणि तो दांडा पात्याला डावीकडे-उजवीकडे ढकलतो. म्हणजे घोडा थांबला की पातं थांबलं. प्रत्येक चाकाच्या तुंब्यात आत रॅचेट आणि खिट्ट्या असतात, त्यामुळे चाक पुढे फिरलं तर आस फिरतो, मागे फिरलं तर नुसतं टकटकटक वाजतं.

दोन्ही तुंबे उघडले. डावीकडच्या तीनही खिट्ट्या गंजून आत चिकटलेल्या, म्हणजे ते चाक नुसतं शोभेचं होतं. काढल्या, साफ केल्या, खिट्टीमागच्या छोट्या स्प्रिंगा नवीन घातल्या, ग्रीस भरलं, चाक परत चढवलं आणि हाताने मागे फिरवलं.

टक टक टक टक.

आमच्यात एक काका आहेत, वय ८८, त्यांनी लहानपणी याच प्रकारच्या मशीनवर बसून गवत कापलंय, त्यांच्या घरी शेवटची जोडी १९५२ पर्यंत होती. ते बागेतल्या बाकावर बसले होते, आवाज ऐकून उठून आले, काही बोलले नाहीत, स्वतः चाक धरून परत मागे फिरवलं. मग म्हणाले की शेताच्या कोपऱ्यावर जोडी मागे घेतली की हा आवाज यायचा, आई स्वयंपाकघरातून मोजायची म्हणे, कितवं वळण झालं आणि जेवण कधी लावायचं.

१ जून

कलोनाला गेलो. आयोवा सिटीच्या दक्षिणेला आमिश (जुन्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती पंथ) लोकांची मोठी वस्ती आहे, आमिश लोकांत अजून घोड्यांनी शेती होते त्यामुळे या नऊ नंबरचे भाग आजही तयार होतात, पाती, गार्ड (पाती ज्यांच्यातून सरकतात ती पुढची लोखंडी बोटं), पिटमनचे दांडे सगळं. म्हणजे आम्ही ज्याला अँटिक म्हणून अंगणात मांडलंय ते वीस-पंचवीस मैलांवर कुणाच्या तरी रोजच्या कामात आहे. गोठ्यासमोर हेच मशीन उभं होतं, सीटवर पोतं घडी करून ठेवलेलं, दांडी (दोन घोड्यांच्या मधून पुढे जाणारं लांब लाकूड) घोड्यांच्या घासण्याने गुळगुळीत. फोटो काढला नाही, त्यांना आवडत नाही.

दुकानदाराने माझ्या यादीकडे बघून विचारलं, किती एकर गवत आहे? मी म्हटलं गवत नाही, प्रदर्शन आहे. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि भाग मोजायला लागला.

घेतलं: हिकरीचा पिटमन दांडा, वीस पाती, सात गार्ड, रिबेटांची पुडी. वीस पाती का, तर एक पातं तीन इंच रुंद आणि पाती बसतात तो आपला बार पाच फुटांचा.

८ जून

टिटवीची पिल्लं मंगळवारी बाहेर पडली आणि अंग वाळताच पळायला लागली म्हणे, मी नव्हतो. चारातली तीन दिसली. फीत काढली. दुसरा, तिसरा, चौथा चौथरा झाला: सहा इंच खोदायचं, खाली कापड, वर खडी, धुम्मस. चाकाखाली थेट खडी नाही, जाड प्लास्टिकच्या पाट्या, म्हणजे कड ओलीत उभी राहणार नाही. आसाखाली लोखंडी स्टँड, त्यामुळे चाक जमिनीला जेमतेम टेकतं, फिरवता येतं. चोरीसाठी साखळी आणि कुलूप, काँक्रीट नको.

२२ जून

दांडीचं काम. जुनी दांडी समोरून ठीक दिसत होती, पण जिथे ती जमिनीला टेकून राहायची तिथे स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. उघड्यावरच्या यंत्रात लाकूडच पहिलं जातं, आणि तेही खालच्या बाजूने, वरून कळत नाही.

नवीन लाकूड ओकचं. १० ऑगस्ट २०२० ला इकडे देरेचो नावाचं सरळ रेषेतलं भयंकर वादळ आलं होतं, सीडर रॅपिड्समधली अर्धीअधिक झाडं गेली, तेव्हा पडलेल्या एका पांढऱ्या ओकच्या फळ्या एका सदस्याने कापून गोठ्याच्या माळ्यावर ठेवल्या होत्या. चार वर्षं वाळलेल्या. बारा फुटांची, सरळ रेषांची, गाठ नसलेली एकच सापडली, आणि ती कापताना माझा हात थरथरत होता हे खरंय.

दांडीवरून आबांशी बराच वेळ बोलणं झालं. त्यांना समजेना की घोड्याला जू कसं. मग कागदावर काढून दाखवलं. आपल्याकडे जू बैलाच्या वशिंडापुढे मानेवर बसतं, शिवळा घातल्या, जुपण्या बांधल्या की दोन्ही बैल एका लाकडात अडकले, एक मागे राहिला तर जू तिरकं होतं. घोड्याला वशिंड नाही. तो गळ्यातल्या जाड पट्ट्यातून, खांद्याने जोर लावतो, आणि तो जोर साखळ्यांतून मागे येऊन दोन छोट्या आडव्या लाकडांना, आणि ती दोन एका मोठ्या आडव्या लाकडाच्या टोकांना, ते मोठं लाकूड मधोमध खिळीवर बसवलेलं. तराजूच. एका घोड्याने कमी जोर लावला तर त्याची बाजू मागे जाते आणि लगेच दिसतं कोण कामचुकार. पुढे मानेखाली जे आडवं लाकूड असतं ते ओढायला नाही, दांडीचं वजन उचलायला आणि मशीन थोपवायला.

आबा बघत राहिले, मग म्हणाले, "म्हंजी खिळ इकडं-तिकडं सरकवली तर दुबळ्या जनावराला सोपं जाईल." हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि खरोखरच जुन्या लाकडात मधल्या भोकाच्या बाजूला एक जादा भोक आहे. मी रोज बघत होतो, मला वाटलं होतं चुकून पाडलंय.

६ जुलै

गरम. ३४ अंश, दमट. दांडीला आणि दाताळ्याच्या लाकडांना उकळलेलं जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन अर्धं-अर्धं, पहिला हात. शेवटांना, म्हणजे जिथे रेषा उघड्या पडतात तिथे, पीत राहील तितकं पाजायचं.

सगळ्यांसाठी ठळक सूचना: जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून डब्यात टाकू नका. आपोआप पेट घेतात. आज दुपारी बादलीतून धूर यायला लागला तो माझ्यामुळे. कुणाला काही झालं नाही. यापुढे चिंध्या कुंपणावर एकेक पसरून वाळवायच्या किंवा पाण्यात बुडवायच्या.

२० जुलै

पात्यांचा दिवस. जुनी पाती काढायला रिबेटा कापायच्या नाहीत, पट्टी व्हाइसच्या कडेवर धरून पात्याच्या पाठीवर हातोडी मारली की रिबेट तुटते, काकांनी दाखवलं, एकेकाला चार सेकंद. मी आधी ग्राइंडरने एक काढायला अर्धा तास घेतला होता, त्याबद्दल कुणी काही बोललं नाही, फक्त हसले.

मग दोन मापं. एक म्हणजे पातं डाव्या टोकाला जाऊन थांबतं आणि उजव्या टोकाला जाऊन थांबतं तेव्हा पात्याचं टोक बरोबर गार्डच्या मध्यावर यायला हवं, नाहीतर कापलं जात नाही, गवत चावलं जातं. दुसरं माप गमतीचं. बारचं बाहेरचं टोक आतल्या टोकापेक्षा थोडं पुढे ठेवावं लागतं, फुटाला पाव इंच, म्हणजे पाच फुटाला सव्वा इंच, कारण चालताना गवताच्या जोराने बार मागे रेटला जातो आणि तेव्हा तो सरळ येतो. दोरी लावून मोजलं तर आमचा पाऊण इंच मागेच होता. पिना आणि बुश झिजलेले. नवीन बुश माझ्या ऑफिसजवळच्या एका लेथवाल्याकडून करून घेतले.

माझा मुलगा (१३) म्हणाला, पण हे कुणी चालवणारच नाही तर मोजायचं कशाला. प्रश्न रास्त आहे, मी उत्तर दिलं नाही, त्याच्या हातात दोरीचं दुसरं टोक दिलं.

१७ ऑगस्ट

चाचणी. घोडे नाहीत, म्हणून दांडीला दोर बांधून आठ माणसं. म्युझियमच्या मागे एक पट्टा मुद्दाम न कापता ठेवला होता, कमरेएवढं गवत. काका सीटवर. त्यांना उतरवायचा प्रयत्न केला, ते ऐकेनात, मग दोन जण बाजूने चालले.

पहिले दहा फूट काहीच नाही, नुसता खडखडाट आणि आम्ही धापा टाकतोय. मग काकांनी पायाने लिव्हर दाबून बार जरा खाली घेतला आणि आवाज बदलला. खडखड गेली, शिवणयंत्रासारखी एकसारखी कटकट सुरू झाली, आणि गवत उभंच्या उभं थरथरून मागच्या फळीवरून एका बाजूला आडवं पडायला लागलं. चाळीस फूट कापलं. आम्ही आठ जण लाल झालो होतो. दोन घोडे हेच दिवसभर करून आठ-दहा एकर संपवायचे असं काका म्हणाले, आणि मग सांगितलं की दुपारी जोडी बदलायची, माणूस तोच.

मागे जाऊन कापलेली बुडखं बघितली. एकसारखी, विळ्याने सुद्धा इतकी सरळ येत नाहीत. एका जागी मात्र शेंडी राहिली होती, सातव्या गार्डपाशी. गार्ड वाकडा. सरळ केला.

मुलाने व्हिडिओ काढला, आबांना पाठवला. उत्तर एका ओळीत आलं: "वासराला लावून द्या ते गवत."

३१ ऑगस्ट

काम नाही, माउंट प्लेझंटला गेलो. १९५० पासून दर वर्षी लेबर डेच्या सुट्टीला तिथे जुन्या यंत्रांची मोठी जत्रा भरते, वाफेची इंजिनं, मळणी, घोडे. तिथे बेल्जियन घोड्यांची जोडी गवताच्या मशीनला जुंपलेली बघितली आणि कळलं की आमचं मानेखालचं लाकूड उलटं बसवलंय. कड्या मागे पाहिजेत. घरी येऊन गुपचूप बदलणार.

आणखी एक गोष्ट तिथे जाणवली. १९२० च्या जनगणनेच्या वेळी अमेरिकेतल्या शेतांवर घोडे आणि खेचरं मिळून साधारण अडीच कोटी जनावरं होती. मग इतकी यंत्रं गेली कुठे? एक कारण ट्रॅक्टर, पण दुसरं म्हणजे १९४२ च्या भंगार मोहिमा, युद्धासाठी लोखंड गोळा करताना गोठ्यामागची सगळी जुनी यंत्रं गाडीत भरून गेली. आमच्याकडचं उशिराचं मॉडेल वाचलं कारण तेव्हा ते कामात होतं.

२१ सप्टेंबर

बाइंडर शेडमध्ये नेला. सकाळी आठला सुरुवात, दुपारी तीनला दार बंद. रुंदी दारापेक्षा नऊ इंच जास्त निघाली, सगळ्यांनी मोजली होती, प्रत्येकाने वेगळी. शेवटी त्याच्या स्वतःच्याच वाहतुकीच्या चाकांवर आडवा करून नेला, त्यासाठीच ती सोय केलेली असते हे कंपनीच्या जुन्या पुस्तिकेत होतं, पुस्तिका ऑफिसच्या कपाटात होती.

आत गेल्यावर गाठ मारायची यंत्रणा उघडून बघितली. विस्कॉन्सिनच्या जॉन ॲपलबी नावाच्या माणसाने १८७० च्या दशकात ही सुतळीची गाठ मारणारी करामत बसवली. पोपटाच्या चोचीसारखा लोखंडी भाग आहे, तो एक गिरकी घेतो, सुतळी चोचीभोवती गुंडाळली जाते, चोच उघडून टोकं धरते, आणि पेंढी बाहेर फेकली जाताना फास चोचीवरून निसटून गाठ बसते. दहा वेळा हाताने फिरवलं तरी डोळ्याला सापडेना. मग मुलाने बुटाची नाडी लावून सावकाश करून दाखवलं. अकराव्या वेळी गाठ बसली.

ही चोच तीस वर्षं पावसात होती. वरच्या कॅनव्हासचं काही उरलं नाही, पट्ट्या आहेत.

१९ ऑक्टोबर

प्लँटरचे डबे. चाळण झालेत, पत्रा जोडण्यापलीकडे गेलाय, तसेच ठेवले, आतून तेल, तळाला पाणी जायला भोक. माहितीचा बोर्ड मी लिहिला. मक्याचं प्लँटर एका गाठींच्या तारेवर चालायचं, पाव मैल लांब तार शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दर ४० किंवा ४२ इंचांवर एक गाठ, गाठ यंत्रातल्या फाट्याला लागली की बी पडलं. त्यामुळे मका उभा-आडवा दोन्हीकडून ओळीत उगवायचा आणि कोळपं दोन्ही दिशांनी चालायचं. ४० इंच का, तर घोडा मावला पाहिजे. आमच्याकडे तिफणीच्या चाड्यात आई मूठ धरून बी सोडायची, तिची गाठ म्हणजे तिची बोटं. बोर्डावर हे लिहिलं नाही, इकडे कोण वाचणार.

नांगरावर फार काम नव्हतं, फाळाला तेल, मुठींना जवस. त्याच्यापाशी बसलो की मला आमचा किर्लोस्कर नांगर आठवतो, आजोबांचा, रुमणं गेलेला, गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर काढला तेव्हा शेतकरी घेईनात, लोखंडाने जमीन विषारी होते असं म्हणायचे. किर्लोस्करवाडी १९१० ची, आमच्या गावापासून सायकलने जाण्यासारखी. आबांना सांगितलंय, त्या नांगराखाली निदान दोन विटा ठेवा.

२ नोव्हेंबर, शनिवार

हिवाळ्याची तयारी. पहिलं दव गोठलं.

गिअरचा डबा: प्लग काढून बघितलं, पाणी नाही, तेल मधासारखं. नवीन गॅस्केट धरतंय. सीटच्या पत्र्याला मधोमध असलेलं भोक मोकळं केलं, लाल रंगाने बुजलं होतं, सीटमध्ये तळं साचायचं ते यामुळे. तेलाची भोकं मेणकापडाने झाकली. पात्यांची पट्टी काढून, ग्रीस लावून, शेडमध्ये उंच टांगली, पोरांचे हात पोचणार नाहीत. बारवर लाकडी फळी. दाताळ्याचे दात वर करून साखळीने बांधले. रंग नवीन मारला नाही, सैल होता तो काढून बाकी उघड्या लोखंडावर तेल-मेणाचा हात, वर्षातून दोनदा द्यावा लागेल. लाल चमक गेली म्हणून दोघांनी तक्रार केली. ओतीव अक्षरं मात्र आता वाचता येतात.

राहिलेलं: बाइंडरचा कॅनव्हास (कोटेशन फार आलंय), पेटुनियांच्या दोन कुंड्या, गाठींची तार कुठे मिळाली तर, मानेखालचं लाकूड (बदललं, कुणाला कळलं नाही, आता कळेल).

चाकं दर महिन्याला पाव फेरा पुढे, म्हणजे कडेचा एकच भाग ओलीत राहणार नाही. कडेवर खडूने खूण केलीय, आज ती वर आहे. ७ डिसेंबरला जो येईल त्याने ती पुढच्या बाजूला आणावी आणि इथे लिहावं.